लांब बोल्ट

सुकन्या आपल्या छोट्या विमानाचं इंजिन चालू करणार, एवढ्यात मुखेडचा म्हातारा मिस्त्री निजामोद्दीन गर्दीतून घुसला आणि हातातल्या घणानं त्यानं विमानाचा लाकडी पंखा फोडून टाकला.

लेकीचं उड्डाण बघायला शिवशंकरनं हलग्या लावून अख्खं गाव रानात गोळा केलं होतं. त्याच्या मस्तकात सणक गेली. त्यानं लोखंडी पाना उचलला आणि म्हाताऱ्याच्या जबड्यावर हाणला. दोन दात मातीत पडले. "माझ्या लेकीचं चांगलं बघवंना व्हय रं तुला?" म्हणत त्यानं बरगड्याही सोडल्या नाहीत. हलग्या थांबल्या, पण सोडवायला कुणी पुढं आलं नाही.

सुकन्या खाली उतरली. पंख्याचा उरलेला तुकडा तिनं हातानं हलवला, तर तो खुळखुळला. तिनं एक बोल्ट काढून बघितला आणि ती ओरडली.

"अप्पा, थांबा! हे बोल्ट लई लांब हायेत. आत भोकाच्या तळाला टेकलेत म्हणून घट्ट वाटतात, पंखा सैलच हाय. वर गेल्यावर निखळला असता. मी मेले असते! मी बसवलेले बोल्ट हे न्हाईतच. कुणी बदलले?"

निजामोद्दीन नको नको म्हणत असताना, 'लांब बोल्ट जास्त पक्का धरतो' म्हणून काल शिवशंकरनंच ते त्याच्या दुकानातून उचलून आणून बसवले होते.

निजामोद्दीननं सांगायला रक्तानं भरलेलं तोंड उघडलं.



शिवशंकरनं पाना पुन्हा उचलला.