न थांबता चार किलोमीटर

आज साक्षात देव आडवा आला तरी थांबायचं नाही, असं ठरवूनच चैतालीनं मोबाईलवरचं पळण्याचं ॲप सुरू केलं आणि घराच्या फाटकातून सुटली.

शनिवार होता. संध्याकाळच्या आत शाळेच्या ग्रुपवर ॲपचा फोटो टाकायचा होता. चार किलोमीटर, वीस मिनिटांच्या आत, मध्ये कुठंही न थांबता. ज्यांचा फोटो येईल त्यांनाच क्रॉसकंट्रीच्या संघात घेणार, हे खेळाच्या सरांनी सांगून टाकलं होतं. आणि पाच दिवस झाले, चैतालीला एकदाही न थांबता पळता आलं नव्हतं. पाय थकले म्हणून नव्हे. माणसं थांबवायची म्हणून.

घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत बरोबर चार किलोमीटर. पहिले तीन नव्या कॉलन्यांचे. तिथं कुणी कुणाला काही विचारत नाही. घोडं अडायचं ते शेवटच्या किलोमीटरला. पाटाच्या कडेचे ते सगळे मळे आईच्या माहेरच्या माणसांचे, आणि मळ्यात कुणी उगीच पळत नाही. सोमवारी झेंडू तोडणाऱ्या अंबूबाईंनी विचारलं, "काय गं, मोटरीची लाईट आली का?" मंगळवारी, "म्हैस सुटली का?" बुधवारी विठाबाईंनी तर "कोण गेलं गं?" म्हणत डोक्यावर पदर ओढून रडायची तयारीच केली. आणि सहादू नाना रोज. त्यांची द्राक्षबाग देवळाच्या अलीकडं. तिथवर चैतालीचा जीव मेटाकुटीला आलेला असायचा आणि नाना बांधावर उभेच.

"बिबट्या दिसला का?"

"नाही हो नाना. पळायची प्रॅक्टिस करतेय."

"कुठं जायचं?"

"कुठंच नाही. देवळापर्यंत."

"देवळात काय हाय आज?"

"काही नाही. तिथून परत घरी."

नाना विचारात पडायचे. "मग पळती कशाला? सावकाश जा की."

बरं, न बोलता पुढं जावं तर तीही सोय नव्हती. मोठ्या माणसानं हाक मारली की ओ द्यायची, उभं राहायचं, दोन शब्द बोलायचे आणि मगच पाय उचलायचा. चैताली चालायला शिकली तेव्हापासून आईनं हेच शिकवलं होतं. काल ती आईवर भडकली, "तुमच्या या ओ देण्यापायी माझं सिलेक्शन जाणार!" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग नीट समजावून सांग ना त्यांना." पाच दिवस समजावून चैतालीच्या तोंडाला फेस आला होता.

कॉलन्या संपल्या तेव्हा बरोबर पंधरा मिनिटं झाली होती. पाट लागला. झेंडू दिसला.

"चैते, आज काय झालं गं?"

चैतालीनं मान खाली घातली आणि पाय लांब टाकले.

"चैते! अगं ए!"

पुढं विठाबाई मेथीची जुडी बांधत उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली, ती हाकही मागं राहिली. आपण फार उद्धट वागतोय हे चैतालीला कळत होतं, आणि कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. पण उद्धट तर उद्धट. मग नाना. बांधावरून खाली उतरून त्यांनी हातच आडवा केला. "थांब पोरी, काय..." ती त्यांच्या हाताखालून वाकून गेली. ओ नाही, मान वर नाही. मागून हाकांवर हाका आल्या तशी ती आणखीच जोरात पळाली.

देवळाच्या ओट्याला हात टेकवून तिनं ॲप थांबवलं. एकोणीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद. तिनं फोटो ग्रुपवर टाकला. सरांचा अंगठाही लगेच आला. आनंदानं ओरडावं म्हणून ती मागं वळली आणि तशीच राहिली.

रस्त्यानं नाना येत होते. पळत. सत्तरी ओलांडलेले, गुडघ्याला पट्टा, पायांत चपला नाहीत, हातात काठी. त्यांच्या मागं विठाबाई, हातात विळा. आणि पार मागं, लुगड्याचा ओचा वर खोचून, अंबूबाई.

"कुठंय?" काठी उगारूनच नाना ओट्याशी आले. "बिबट्या कुठंय?"

"बिबट्या नाहीये, नाना! कितीदा सांगितलं, मी प्रॅक्टिस करते!"

"मग ओ द्यायला काय झालं व्हतं?" विठाबाईंना धाप आवरत नव्हती. "रोज थांबती, बोलती. आज ओ नाय दिली, तवा म्हटलं, आज खरंच काहीतरी लागलं पोरीच्या मागं."

वैतागानं रडावं की हसावं, चैतालीला काही कळेना. "म्हणजे बिबट्या माझ्या मागं, आणि तुम्ही काठी घेऊन त्याच्या मागं?"

"मग?" नाना म्हणाले.

एवढ्यात अंबूबाईही पोचल्या आणि काही न विचारता खाली बसल्या. नाना ओट्यावर टेकले. चैतालीनं आपली पाण्याची बाटली त्यांना दिली. निम्मी पिऊन त्यांनी ती अंबूबाईंकडं सरकवली.

"त्या मोबाईलात काय हाय?"

"किती वेळात पळाले ते कळतं."

"किती?"

"एकोणीस मिनिटं, एक्केचाळीस सेकंद."

नानांनी गुडघा चोळला. मग मोबाईलकडं वाकून हळूच म्हणाले, "आन् माझे किती झाले?"