पिकायला विसरलेल्या पेशी

काकांची बायको त्वचेच्या कर्करोगाने जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या गाठीतल्या पेशी मात्र प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत, अंगाइतक्याच उबेत वाढत होत्या. पेशींना पिकून गळायला सांगणारं जनुकच त्यांच्यात मुकं झालं होतं. काका दर महिन्याला यायचे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचे, "बरी दिसतेस," असं पुटपुटायचे आणि निघून जायचे.

आज संशोधक बाईंनी त्यांना दारातच गाठलं. "काका, जमलं! ते जनुक आम्ही जागं केलं. पेशी शहाण्यासारख्या पिकल्या आणि गळून गेल्या. एकसुद्धा उरली नाही. औषधाची वाट सापडली बघा!"

काकांनी हळूच विचारलं,

"किती वाजता गेली?"