दासोहाची भाकरी

"दासोहाला विक्री कसं म्हणायचं?" सुंदरम्माने बँकेच्या मॅडमना सरळ विचारलं, आणि मागे उभ्या असलेल्या सिद्धप्पाने कपाळावर हात मारला. विचारतील तेवढंच बोल, म्हणून तो सकाळपासून बायकोला पढवत होता. ती विचारलं तेवढंच बोलली होती, हीच तर पंचाईत होती.

मनाली मॅडम कर्जासाठी जागा पाहायला आल्या होत्या. जागा म्हणजे भाड्याची एक लांबट खोली आणि भिंतीला लागून चार चुली. त्यातली एकच आज पेटली होती, तीही मॅडमना धंदा चालू दिसावा म्हणून. तिच्यापुढे बसून कामाला येणारी मायाक्का ज्वारीच्या कडक भाकरी थापत होती. लॉकडाऊनच्या आधी इथे चार बायका थापायच्या आणि सिद्धप्पा स्कूटरवरून हॉटेलांना माल पोचवायचा. आता हॉटेलं पुन्हा उघडली होती, पण ज्वारीचा व्यापारी उधार देत नव्हता. कर्ज मिळालं तर चारही चुली पेटणार होत्या. नाही मिळालं तर महिनाअखेर खोली सोडायची, आणि मायाक्काने मंगल कार्यालयातली भांडी घासायचं काम कायमचं धरायचं.

मॅडम मनाने चांगल्या होत्या. नियम तसा नव्हता. लॉकडाऊनमध्येही ज्यांचा धंदा चालू राहिला, त्यांनाच हे कर्ज. बुडणाऱ्याला हात द्यायचा, पण त्याला आधी पोहता यायला हवं, असला तो नियम.

म्हणून त्यांनी विचारलं होतं, "काकू, तेव्हा चुली बंद होत्या का?"

"एक दिवस बी न्हाय!" सुंदरम्मा मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती. "ज्वारी भरून ठिवलेली, आन् हॉटेलं बंद. किडं खाण्यापरीस माणसांनी खाल्लेली बरी की. विजापूर रोडनं माणसं लेकरं घिऊन गावाकडं चालत निगालती. मी म्हटलं, ही दासोहाची येळ हाय, भुकेल्याला घास घालायची. आमी रोज थापल्या, ह्यांनी रस्त्याला हुबं राहून वाटल्या." मग ही विक्रीच लिहू ना, असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा तिने तो दासोहाचा प्रश्न केला होता.

ते अगदी खरं होतं. सिद्धप्पा भाकरी देऊन प्रत्येकाला हात जोडायचा. घेणाऱ्यापुढे देणाऱ्याने वाकायचं आणि मोबदल्याचं नावही काढायचं नाही, अशी दासोहाची रीत त्याला बापाने शिकवली होती. आज तोच सिद्धप्पा बायकोला मागून खुणा करत होता.

"काकू, फुकट वाटलेलं धंद्यात धरत नाहीत हो," मॅडमनी पेन थांबवलं. "मी विक्री लिहिते. तुम्ही फक्त हो म्हणा. यात कुणाचं काय जातंय?"

"म्हण की," सिद्धप्पा म्हणाला. "खरं काय ते देवाला ठावं हाय. बँकेला कळून काय करायचंय?"

सुंदरम्माने मायाक्काकडे पाहिलं. ती मान खाली घालून थापत होती. भांड्यांच्या पावडरने तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या आणि त्यांत पीठ भरलं होतं. त्या बोटांकडे बघतच सुंदरम्माने मान हलवली.

"व्हय. विकल्या."

बोलून गेली आणि तिला एकदम भडभडून आलं. धूर लागला असं दाखवत तिने पदराने डोळे पुसले.

मॅडमनी लिहिलं आणि मायाक्काकडे वळल्या. "मावशी, तुम्ही पण तेव्हा कामावर होता ना? मजुरी मिळत होती?"

विक्री म्हटली की मजुरीही आली. हे सुंदरम्माच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवसांत मायाक्का पोलिसांची नजर चुकवून गल्लीबोळांतून यायची. नवऱ्याचं काम सुटलेलं, घरात खायचे वांधे. तरी एकदा सुंदरम्माने पैसे पुढे केले, तर ती रागावली होती. "दासोह काय तुमच्या एकट्यांचाच व्हय?" म्हणाली होती, आणि पैसे तिच्या मुठीत परत कोंबले होते.

मायाक्काने भाकरी तव्यावर टाकली.

"मिळाली की," ती म्हणाली. "रोजच्या रोज."

मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी पेटलेल्या चुलीचा फोटो घेतला, काम होऊन जाईल म्हणाल्या आणि निघाल्या. सिद्धप्पा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. कधी नव्हे तो मोठमोठ्याने हसत होता, ते आत ऐकू येत होतं.

सुंदरम्मा मायाक्काच्या शेजारी खाली बसली.

"माया, चुकलं गं माझं. तुज्याकडं बगून व्हय म्हटलं. आन् तुलाच खोटं बोलाय लावलं."

"असू द्या की."

"बाकीच्यांना उद्याच निरोप धाडू. परत समद्या मिळून बसू."

"धाडा की. येतील."

मायाक्काने फडक्याने भाकरीच्या कडा दाबल्या. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सुंदरम्माला बरं वाटलं असतं.

"तुमच्या घरात वाडवडलांपासनं दासोह हाय, अक्का," ती म्हणाली. "तुमी परत कराल. माज्या हातनं कुणाला काय दिलं म्हणाय तेवढंच हुतं. आता ते बी मजुरीत गेलं."