गल्लीची चिठ्ठी

बेचाळीस घरांच्या बेचाळीस चिठ्ठ्या डब्यात पडल्या. इंजिनियरबाईंनी झाकण लावून डबा हलवला.

शाळेच्या हॉलमध्ये फरशीवर नवी वस्ती खडूने आखलेली होती. जुनी पुरात गेली. ही टेकडीवर उभी राहणार होती. चिठ्ठीत जो नंबर निघेल, ते घर. वशिल्याला जागाच नव्हती.

"थांबा मॅडम." शिंपीण पुढे आली, मावशीचा हात धरून. मावशी तिची शेजारीण. मावशीला दिसत नव्हतं. पाणी शिरलं तेव्हा शिंपिणीनेच तिला पाठीवर घेऊन शाळा गाठली होती. "हिला एक नंबर आला नि मला एकेचाळीस, तर हिनं हाक मारायची कुणाला?"

"तुमची जोडी लावली, तर सगळेच जोड्या मागतील."

"मग सगळ्यांनाच द्या. चिठ्ठ्या घरांच्या नकोत, गल्ल्यांच्या काढा. सहा गल्ल्या, सहा चिठ्ठ्या. आत घरं होती त्याच ओळीनं."

इंजिनियरबाईंनी आदेशाचा कागद काढून दोनदा वाचला. सोडत सर्वांसमोर काढावी, एवढंच त्यात होतं. घरांची काढायची, हे त्यांनीच ठरवलं होतं.

"आणि आपली गल्ली पार मागे गेली तर?" वाणी उठला. "माझ्या दुकानाचं काय?"

"तुझी गिऱ्हाइकं काय पुढे राहणार आहेत? तीही येतील की मागे, तुझ्या मागोमाग!" शिंपीण म्हणाली.

हॉल हसला. "गल्ल्यांच्या चिठ्ठ्या कुणाकुणाला मान्य?" इंजिनियरबाईंनी विचारलं. वाण्यानेच आधी डोकं खाजवत हात वर केला. मग बाकीचे हात वर झाले.

डबा पालथा केला गेला. नव्या सहा चिठ्ठ्या पडल्या. शिंपिणीची गल्ली शेवटून दुसरी आली, टेकडीच्या मागच्या अंगाला.

"बघ, म्हटलं नव्हतं?" असं म्हणत वाणी आपल्या चौकोनात जाऊन उभा राहिला. एकेक करत सगळे आपापल्या शेजाऱ्याशेजारी उभे राहिले. शिंपिणीने मावशीला तिच्या चौकोनात आणून सोडलं, आणि स्वतः रेघ ओलांडून पलीकडच्या चौकोनात गेली.

इंजिनियरबाई वही घेऊन आल्या. "तुम्हा दोघींमध्ये भिंत एकच आहे. मावशी, हिचं शिलाई मशीन दिवसभर खडखडणार. भिंत जाड घेऊ का? आवाज यायचा नाही."

"नको हो," मावशी घाईघाईने म्हणाली. "पातळच ठेवा."