चौदा अंश

स्कॉटलंडच्या पार उत्तरेला हेक्टर एकटेच राहायचे. गॅसचं बिल कमी यावं म्हणून लंडनला असलेल्या त्यांच्या मुलीने, कॅट्रिओनाने, वडिलांचं घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरला नवं यंत्र बसवून दिलं. घरात किती ऊब आहे, ते तिला तिथे मोबाइलवर दिसायचं. बिल खरोखरच उतरलं. फोन मात्र तिचा सणावारीच यायचा.

एकदा हेक्टरचं बोट चुकून यंत्राच्या बटणाला लागलं, बॉयलर बंद झाला आणि हळूहळू घरातला पारा चौदावर आला. पाच मिनिटांत फोन वाजला.

"बाबा, चौदा? कुडकुडून मरायचंय का?"

"अगं, चुकून झालं. बरी आहेस ना?"

मग नातवाचे पडलेले दात, शेजारणीचं मांजर, यंदाची मासळी असं करत अर्धा तास कसा गेला, कळलंच नाही.

तेव्हापासून दर रविवारी जेवण झालं, की हेक्टर ओव्हरकोट चढवायचे, कानटोपी घालायचे आणि पारा खाली आणून फोनपाशी बसायचे.

या रविवारी पारा चौदावर आला आणि बॉयलर आपला आपणच पेटला. घर उबदार झालं. पाठोपाठ मेसेज आला.



"बाबा, आता घर गार पडलं की बॉयलर आपोआप चालू होईल. सारखा फोन करून तुम्हाला त्रास द्यायला नको!"