शेवटी तीन शून्यं

फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला तेव्हा एक्स्चेंजकाकांनी रिसिव्हरवर हात दाबून धरला. उचलायला नव्हे, काकूंनी उचलू नये म्हणून.

“अहो, घ्या तरी एकदा,” काकू ओले हात पुसत म्हणाल्या. “हॉस्पिटलचा असला तर?”

“हॉस्पिटलचा नंबर मला पाठ आहे. हा बघ, शेवटी तीन शून्यं. परवाची मेल याबद्दलच होती. नुसतं हॅलो म्हटलं तरी आपली लाइन त्यांच्या ताब्यात जाते.”

काकू पुन्हा भांड्यांकडे वळल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला फोनबद्दल कोण शिकवणार? फोनच्या फसवणुकीची कसलीही मेल आली की काका ती दोनशे बारा पत्त्यांवर पुढे पाठवत आणि खाली स्वतःची ओळ जोडत : ‘मी या खात्यात आयुष्य घालवले आहे. माहिती खरी आहे.’ दुधाने त्यांचं तोंड कधी पोळलं नव्हतं, पण ताक फुंकून प्यायची हौस दांडगी. मूळ मेल कुणी लिहिली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांची ओळ वाचल्यावर पुढच्या कुणी विचारलं नाही.

फोन थांबला. लगेच काकांच्या खिशातला मोबाइल वाजला. तोच नंबर.

“बघ, मोबाइलही शोधून काढला चोरांनी,” म्हणत काकांनी तो बंदच करून टाकला. हॉस्पिटलच्या फॉर्मवर त्यांनी हे दोनच नंबर दिले होते. मुलीला फोनची कटकट नको म्हणून.

मुलगी आतल्या खोलीत पडून होती. शाळेत भूगोल शिकवायची; आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दुसऱ्या दिवशी उठून बसायचीही ताकद नसे. किडनीच्या यादीत चार वर्षं सरकत सरकत तिचा नंबर मागच्या महिन्यात पहिला आला होता. जुळणारी किडनी मिळाली की फोन येणार आणि दोन तासांत पोचायचं, असं सांगून ठेवलेलं. काकूंनी बॅग भरून दाराशी ठेवली होती.

काका कॉम्प्युटरपुढे बसले. ‘आज सकाळपासून माझ्याच घरी असे तीन फोन आले. सावध असल्यामुळे बचावलो. आपल्या सर्व माणसांना कळवा.’ दोनशे बारा पत्ते टाकून त्यांनी मेल सोडली आणि चहा मागितला. चांगलं काम केल्यावर त्यांना नेहमीच चहा लागे.

पाव तासात उत्तर आलं; चहा संपवून काकांनी ते उघडलं तेव्हा दहा वाजून गेले होते. हॉस्पिटलच्या किडनी विभागातल्या बाईंचं. त्यांचा पत्ताही काकांनी कधीतरी यादीत घातला होता.

‘सर, तो नंबर आमचा आहे. नवीन टेलिफोन बोर्ड बसलाय, म्हणून नंबर बदललाय. साडेआठपासून फोन करतेय. ताबडतोब बोला.’

काकांनी ते दोनदा वाचलं. मोठ्या कचेऱ्यांना शेवटी शून्यं असलेले नंबर द्यायचे, ही खात्याची जुनी रीत. काकांनी स्वतः असे कितीतरी नंबर जोडून दिले होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं त्यांनी. मेल वाचताना मात्र आठवलं नव्हतं.

त्यांनी तो नंबर लावला. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत.

“काका, दहापर्यंत थांबले मी. त्यापुढे थांबता येत नाही. दुसऱ्या पेशंटला आत घेतलंय.”

“आम्ही आत्ता निघतो. बॅग भरलेली आहे.”

“आता उपयोग नाही हो. तिचा नंबर पहिलाच राहील. पुढच्या वेळी तेवढा फोन उचला.”

“पुढची वेळ कधी येईल?”

“ते कुणालाच सांगता येत नाही.”

काकांनी रिसिव्हर ठेवला. काकू मागेच उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी दाराशी जाऊन बॅग उचलली आणि मुलीच्या नजरेला पडणार नाही अशी कपाटामागे सरकवली. काकूंनी चार शब्द सुनावावेत, असं काकांना फार वाटलं. काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या.

फोन पुन्हा वाजला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत काकांनी उचलला.

“एक्स्चेंजकाका ना? मी कोपऱ्यावरचा औषधवाला. तुमची मेल वाचतोय तोवर माझ्याकडेही तसलाच फोन, शेवटी तीन शून्यं. उचलतोय कशाला मी. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पाठवली तुमची मेल. वाचवलंत बघा.”

“अहो, ती मेल...” काकांनी तोंड उघडलं, पण दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. फोन बंद झाला.

“कुणाचा होता, बाबा?” आतून मुलीने विचारलं.

“औषधवाले,” काका म्हणाले. “आभार मानत होते.”

आतून ती हसल्याचं ऐकू आलं.

“तुमचं ऐकतात हो बाबा सगळे.”