विहिरीतलं भूत

दुष्काळाचं दुसरं साल. परंड्याच्या बाजारातनं आणलेली भुताच्या गोष्टीची जाडजूड चोपडी सोसायटीच्या पाट्या रंगवणाऱ्या मच्छिंद्रनं महिनाभर खपून चित्रांत उतरवली.

"पोरं भ्याली तरच शाळेच्या कपाटात ठेवीन," गुरुजी म्हणले.

मच्छिंद्रनं पोरांपुढं थेट शेवटचं पान उघडलं. काठोकाठ भरलेल्या विहिरीतनं लाल डोळ्यांचं भूत वर येत होतं. पोरं चित्रावर तुटून पडली, भ्यालं मात्र कुणीच न्हाय. मच्छिंद्रचं तोंड उतरलं.

"भूत ऱ्हाऊ द्या, दादा," दुसरीतली जाई म्हणली. "ही हीर कुठल्या गावाला हाय?"

गुरुजीबी वाकून बघत होते.

"ठेवतो कपाटात," ते म्हणले. "फक्त भूत जरा बाजूला घे. पाणी झाकतंय."